पिशवी घ्यावी खांद्याला विचारून

‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला असेल, त्याची गणती नाही. लग्नाच्या पंगतीत विचारला आहे, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना विचारला आहे, एकदा तर स्मशानातून परतताना विचारला आहे. मोबाइल आल्यापासून विचारणारे थोडे कमी झाले. पण जे विचारतात ते फार गंभीरपणे विचारतात, कारण बरा कॅमेरा घ्यायचा म्हणजे आता दुचाकी घेण्याइतका खर्च. मात्र तो कॅमेरा घरातून बाहेर न्यायचा कशातून, हे बत्तीस वर्षांत एकाही माणसाने मला आपणहून विचारलेलं नाही. दुकानदार कॅमेऱ्याबरोबर एक काळी बॅग फुकट देतो, तिच्यावर कंपनीचं नाव ठसठशीत छापलेलं असतं, आणि विषय तिथेच संपतो.

मी वर्तमानपत्रासाठी फोटो काढत असे. सभा, मोर्चे, सामने, पूर, पालख्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जे सांगतील ते. त्या काळात हातातले कॅमेरे सात-आठ वेळा बदलले, फिल्म गेली, डिजिटल आलं. खांदा मात्र तोच राहिला. त्यामुळे कॅमेऱ्यांबद्दलचं माझं मत दर पाच वर्षांनी बदलत आलं असलं, तरी बॅगेबद्दलचं मत पक्कं होत गेलं आहे. हौशी माणसाचा कॅमेरा कपाटात पडून राहतो, त्याला बहुतेक वेळा बॅग कारणीभूत असते. सहलीला निघताना ती उचलून बघितली जाते, ‘राहू दे, मोबाइल आहेच’ असं म्हटलं जातं. असं चारदा झालं की पाचव्यांदा कोणी कपाटही उघडत नाही. आणि ज्याचं पोट कॅमेऱ्यावर आहे, त्याला ‘राहू दे’ म्हणण्याची सोयच नाही. तो उचलतो आणि खांद्याने किंमत मोजतो.

हे सगळं लिहायला निमित्त झालं ते माझ्या भाचीचं. ती डोंबिवलीला राहते, लग्नसमारंभात दुय्यम फोटोग्राफर म्हणून जाते. मुख्य फोटोग्राफर वधूवरांपाशी असतो. हिने पाहुणे, जेवणावळ, करवल्या आणि रडणाऱ्या मावश्या टिपायच्या. कॅमेरा आणि लेन्सा जुन्या बाजारातून घेतल्या, त्याही कर्जावर. गेल्या हिवाळ्यात ताईचा फोन आला, ‘अरे, ही झोपेत कुशीवर वळली की कण्हते. उजवा हात डोक्यावर जात नाही. तू काहीतरी बघ.’ मी गेलो. आधी डॉक्टरांकडे पाठवलं, ते योग्यच होतं. पण तिथून आल्यावर तिला म्हटलं, ‘तुझी बॅग काट्यावर ठेव बघू.’

बॅगेत कॅननचा फाइव्ह-डी मार्क फोर होता, बॅटरी आणि कार्डासकट ८९० ग्रॅम. २४-७० ची एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅम, ७०-२०० ची लांब पांढरी लेन्स १४८० ग्रॅम. फ्लॅश सेल धरून अर्ध्या किलोच्या वर. हे झाले पावणेचार किलो. शिवाय चार्जर, जादा बॅटऱ्या, पॉवर बँक, लिटरभर पाणी, डबा आणि बदलायचे कपडे. सगळं बाहेर काढून रिकामी बॅग तोलली, तर ती एकटीच एक किलो सातशे ग्रॅम. जाडजूड फोमची, भरपूर कप्प्यांची, दिसायला अगदी ऐटबाज. एकूण वजन साडेसात किलोच्या पुढे गेलं. भाचीचं स्वतःचं वजन ५२ किलो.

आपल्याकडे मुलांच्या दप्तरावरून किती वाद झाले, ते आठवत असेल. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात सांगितलं आहे की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तेही दोन पट्ट्यांचं, पाठीवरचं दप्तर. इथे १४ टक्क्यांहून जास्त वजन, एका पट्ट्यावर, एकाच खांद्यावर, सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या स्वागत समारंभापर्यंत. एका बाजूला भार आला की पट्टा घसरू नये म्हणून माणूस नकळत तो खांदा वर उचलून धरतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर ताठ राहतो, आणि तोल सांभाळायला कणा दुसरीकडे कलतो. बोटांना मुंग्या यायला लागल्या की मग बॅग बदलून भागत नाही. आमच्या वेळच्या छायाचित्रकारांपैकी एकजण पन्नाशीच्या आतच कॅमेरा ठेवून टेबलावरच्या कामाला बसला, तो याच पायी. फोटो उत्तम काढायचा.

तेव्हा बॅग घेण्याआधीची गोष्ट म्हणजे काय न्यायचं नाही, ते ठरवणं. मोठ्या बॅगेचा एक दुर्गुण असा की ती रिकामी बघवत नाही. प्रवासाला निघताना बॅगेत जागा उरली की आई त्यात लाडवाचा डबा कोंबते ना, तसंच. कप्पा दिसला की त्यात लेन्स जाते, ‘लागली तर असू दे’ म्हणून, आणि ती लागत नाही. म्हणून बॅग मुद्दाम एक माप लहान घ्यावी, असं माझं मत आहे. तिला नाही म्हणता येतं, आपल्याला येत नाही.

कॅमेऱ्याच्या बॅगेचा इतिहास फार जुना नाही. माझ्या लहानपणी वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनणारा. त्याला तपकिरी, कडक चामड्याचं घर असायचं, गळ्यात अडकवायचं. त्याची दोन बटणं उघडून पुढचा भाग खाली पाडेपर्यंत समोरचं माकड उडी मारून गेलेलं असायचं. अशा घराला इंग्रजीत ‘सदा सज्ज’ अशा अर्थाचं नाव होतं. फोटोग्राफर लोकांनी त्याचं ‘कधीच सज्ज नसणारं’ करून टाकलं. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या छायाचित्रकार स्पीड ग्राफिकसारखं अवजड यंत्र घेऊन, साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर फिरल्या; त्यांच्या हिमतीपुढे आपली खांदेदुखी सांगायलाही संकोच वाटतो. पुढे धंदेवाईक लोकांनी कडक पेट्या वापरल्या. पेटीत वस्तू सुरक्षित राहते, यात शंका नाही. पण उभ्या उभ्या पेटी उघडता येत नाही, आणि मोर्च्यात ती खाली ठेवली तर परत मिळेल याची खात्री नाही.

या पेट्यांना कंटाळून १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचा छायाचित्रकार जिम डॉम्के याने स्वतःसाठी आणि सहकाऱ्यांसाठी एक मऊ पिशवी आखली. जाड सुती कॅनव्हास, फोम जवळजवळ नाहीच, वर मोठं झाकण. दोन गोष्टी त्याने फार विचाराने केल्या. पट्टा पिशवीच्या कडेला अडकवलेला नव्हता, तो पिशवीच्या बुडाखालून फिरवून शिवलेला होता, म्हणजे भार एखाद्या कडीवर किंवा टाक्यावर पडत नव्हता. आणि पट्ट्यात रबराचे धागे विणले होते, त्यामुळे तो खांद्यावरून घसरत नसे. खांदा वर उचलून धरायची गरजच संपली. ही पिशवी भरल्यावर कमरेला चिकटून बसते, डब्यासारखी बाहेर येत नाही. गर्दीत घुसताना हा फरक फार मोठा.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ साली सुरू झाली ती गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या करायला. काही वर्षांनी तिच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कचे फोटोग्राफर आपल्या पिशव्या विकत घेताहेत. त्यात नवल काही नाही. मासे धरणारा माणूसही ओल्या काठावर तासन्‌तास उभा असतो, एक हात अडकलेला असतो, दुसऱ्या हाताने न बघता वस्तू काढायची असते, आणि पाऊस तर इंग्लंडचाच. तिच्या कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा थर असतो. या पिशव्या आपल्या खिशाला झेपणाऱ्या नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांच्यामागचा विचार फुकट आहे, तो घ्यावा.

आणि तो विचार आपल्याकडेही होताच. एसटीचा जुना कंडक्टर आठवा. तिकिटांचं बॅटरीवरचं यंत्र यायच्या आधीचा. चामड्याची पिशवी तिरकी खांद्यावर, पोटाशी आलेली, झाकण एका हाताने उघडणारं. घाटातल्या वळणावर, पायाशी कोंबड्या आणि गाठोडी असताना, तो बाहेर बघत बघत नेमके सुटे पैसे काढून देई. कॅमेऱ्याची बॅग घेताना मला आजही तो माणूस डोळ्यासमोर येतो. पोस्टमनची पिशवीही तशीच. वारकऱ्यांची पडशी तर आणखी शहाणी. दोन्ही टोकांना खिसे, एक पुढे आणि एक पाठीवर. खांद्यावर भार येतो, पण एका अंगाला ओढ बसत नाही. दिवे घाट चढताना भारी बॅग घेतलेले आम्ही धापा टाकत असू, आणि सत्तरीचे आजोबा पडशी टाकून पुढे निघून जात.

शबनम पिशवीबद्दल मात्र मी कडू बोलणार आहे. एके काळी आमच्यातले कित्येक जण टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा शबनममध्ये टाकून हिंडत. त्यात एक फायदा खरा होता, आत काय आहे ते कोणाला कळत नसे. पण अरुंद बंद खांद्यात रुतत असे, आणि खाली वाकलं की सगळं तोंडावर येत असे.

तर भाचीला घेऊन फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं तिथे ओळीने आहेत. आम्ही तिचं सामान बरोबर घेऊनच गेलो होतो. चप्पल जशी पायात घालून बघतात, तशी बॅग भरून बघायची असते. रिकामी बॅग दुकानातल्या आरशापुढे सगळ्यांनाच शोभते. दुकानदार आधी हसला, मग गप्प झाला, कारण आम्ही त्याच्या दुकानात दोन तास होतो.

प्रत्येक बॅग तिने भरली, तिरकी घातली आणि जिना चढून उतरली. मग खाली वाकून चपलेचा पट्टा लावायचा. वाकल्यावर बॅग मागून पुढे येऊन आदळली तर ती बाद, कारण होमाजवळ वाकल्यावर ती थेट वराच्या फेट्यावर जाणार. मग डोळे मिटून कॅमेरा पाच वेळा काढायचा आणि ठेवायचा. दोन बॅगा इथेच गळाल्या. त्यांच्या चेनच्या दात्यांना मनगट घासत होतं. एका बॅगेचं झाकण वेल्क्रोचं होतं. ते उघडताना जो चर्रर्र आवाज होतो, तो लग्नाच्या बँडमध्ये खपेल. पण सवाई गंधर्व महोत्सवात विलंबित आलाप चालू असताना पुढच्या रांगेतून तो आवाज आला, तर आजूबाजूचे रसिक कसे बघतात, ते मी अनुभवलेलं आहे. (आवाज माझ्या शेजारच्याच्या बॅगेचा होता, पण नजरा वाटून घ्याव्या लागल्या.) वेल्क्रोला पर्याय म्हणून बक्कल किंवा धातूचा हूक चांगला. झाकण बाहेरच्या अंगाला उघडलं तर हात सरळ आत जातो. झाकण पाठीच्या बाजूने येऊन पुढे पडणारं असेल, तर हाताला किंचित अडचण होते, पण पावसाचं पाणी ओघळून जातं आणि लोकलमध्ये दुसऱ्याचा हात आत जात नाही. डोंबिवलीकरांनी दुसरं घ्यावं.

पट्ट्याबद्दल भाचीने मला एक गोष्ट शिकवली. ‘मामा, हे पट्टे बायकांनी घालून बघितलेलेच नसतात. तिरका घातला की छातीवर काचतो, ओढणी अडकते, आणि लांबी कितीही कमी केली तरी बॅग मांडीवर आपटते.’ मी बघितलं तर खरंच तसं होतं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही बॅग तिच्या कमरेच्या खालीच राहत होती. चालताना प्रत्येक पावलाला हिसका बसणारी बॅग तेवढ्याच वजनाच्या, अंगाशी बसलेल्या बॅगेपेक्षा कितीतरी जास्त थकवते. पट्टा निदान चार बोटं रुंद असावा, त्याची खालची बाजू गुळगुळीत नायलॉनची नसावी, आणि बॅगेच्या मागे पट्टा ओवायला फट असेल तर सोन्याहून पिवळं. तिच्यातून कमरेचा पट्टा ओवला की निम्मा भार खांद्यावरून कमरेवर उतरतो.

पाठीवरची सॅक का नाही, असं कोणी विचारेल. हरिश्चंद्रगडावर जायचं असेल तर सॅकच घ्यावी, तिथे वाद नाही. भाचीनेही ती वर्षभर वापरली होती. मांडवात दर वेळी लेन्स बदलायला सॅक उतरवून खुर्ची शोधावी लागे. तेवढ्यात मंगळसूत्र घालून झालेलं असे, आणि ते काही पुन्हा घालत नाहीत.

आम्ही शेवटी जी घेतली, ती इथेच बनलेली, मध्यम मापाची, मातकट रंगाच्या कॅनव्हासची. साधारण अडीच हजारांना पडली. रिकामी सातशे ग्रॅमच्या आत. तिच्या शेजारी टांगलेली परदेशी बॅग दिसायला निःसंशय सरस होती. हिच्या आत सुटे काढता येणारे फोमचे पडदे आहेत, आणि बाहेरून ती कॅमेऱ्याची वाटत नाही. रात्रीच्या शेवटच्या लोकलने एकट्या मुलीने परतायचं, तर हे शेवटचं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. कंपनीचं नाव छापलेला पिवळा-लाल पट्टा गळ्यात घालून हिंडणं म्हणजे आपल्याकडे किती हजारांचा ऐवज आहे, त्याची पाटी लावून हिंडणं. ताईने तो पट्टा काढून टाकला आणि साधा काळा शिवून दिला.

तिच्यात एक उणीव होती. पट्टा कडेच्या दोन कड्यांना अडकवलेला होता, आणि कड्या फक्त दोन-दोन टाक्यांवर उभ्या होत्या. स्टेशनबाहेरच्या बॅग दुरुस्त करणाऱ्याला ती दाखवली. त्याने बॅग उलटी केली, अंगठ्याने शिवण ताणून बघितली आणि एकच शब्द उच्चारला, ‘सुटणार.’ मग रुंद निवार घेऊन ती बुडाखालून फिरवली आणि दुहेरी शिवण मारून दिली. त्याने फिलाडेल्फियाचं नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही.

पावसाळ्याचा विषय राहिला. कोणतीही बॅग ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली जात असली, तरी चेनमधून आणि शिवणीतून पाणी येतंच. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घडी करून ठेवावी, ती बॅगेच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा कामाची. पण भिजण्यापेक्षा मोठा शत्रू दमट हवा. कोकणात आणि मुंबईत हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ६० टक्क्यांच्या वर राहते, आणि लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला तेवढं पुरतं. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. पुढे ती बुरशी काचेवरचा लेपच खाते, मग साफ करूनही डाग राहतात. बॅगेतला फोम आणि अस्तर ओलावा धरून ठेवतात. म्हणून बाहेर नेण्यासाठी जी बॅग उत्तम, तीच घरी ठेवण्यासाठी वाईट. घरी आल्यावर सगळं बाहेर काढायचं, बॅग पंख्याखाली उघडी टाकायची, आणि कॅमेरा-लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायच्या. लाडवांचा डबा चालतो, लाडू काढून. निळी सिलिका गुलाबी झाली की तिने पाणी पिऊन घेतलं असं समजून ती बदलायची. वातानुकूलित हॉलमधून बाहेरच्या उकाड्यात येताना मात्र कॅमेरा बंद बॅगेतच काही वेळ राहू द्यावा. लगेच काढला तर थंड काचेवर वाफ धरते आणि वरातीचे पहिले दहा फोटो धुक्यातले येतात.

भाचीची बॅग आता सगळं धरून पाच किलोच्या आत आहे. लांब लेन्स मुख्य फोटोग्राफरच्या गाडीतून येते. हे त्याच्याकडून कबूल करून घ्यायला दोन लग्नं लागली. खांदा अजून पूर्ण सुटलेला नाही, व्यायाम चालू आहेत, पण हात डोक्यावर जातो. पट्टा एकाच बाजूला राहू नये म्हणून तिने वेळा ठरवल्या आहेत: मंगलाष्टकं संपली की डावा खांदा, सप्तपदी झाली की उजवा. ताईलाही बॅग फार पसंत पडली आहे. आतले पडदे निघतात का, असं तिने मला परवा हळूच विचारलं. दिवाळीनंतर तिला कोल्हापूरला जायचं आहे.